39 लाखांचा डबा आणि 97 रात्री

प्रश्न (लांबलचक पत्र, इथे थोडक्यात) : मी 61 वर्षांचा, मध्य रेल्वेतून गेल्या वर्षी लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. राहतो जुळे सोलापूरला, रो-हाऊस स्वतःचं, कर्ज नाही. फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून मिळालेली रक्कम) सगळं मिळून आणि मुलीचं लग्न उरकून 54 लाख शिल्लक आहेत. पेन्शन हातात 62 हजार येते. नोकरीत देश पाहिला तो कॅबच्या काचेतून, उतरून कुठेच गेलो नाही. आता डबल कॅबिन पिकअप घेऊन तिच्या हौद्यावर राहण्याचा डबा बसवायचा विचार आहे. आत झोपायची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी, वर सोलर. पिकअप ऑन रोड 30 लाख, डबा 9 लाख. वर्षातले चार महिने आम्ही दोघं फिरणार. पुण्यात भाड्याने कॅराव्हॅन मिळते, पण दिवसाला 9 हजार मागतात. एवढं भाडं भरण्यापेक्षा स्वतःची गाडी बरी, असं वाटतं. मुलाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, त्याचं मशिनरीचं 18 लाखांचं कर्ज चालू आहे, त्याला मी जामीन आहे. घ्यावी का?

उत्तर : दौंड आणि वाडीच्या रनिंग रूममध्ये (ड्युटीवरच्या गाडी चालवणाऱ्यांच्या मुक्कामाच्या जागेत) निम्मं आयुष्य झोपून काढलेल्या माणसाला स्वतःचा डबा हवासा वाटावा, यात नवल नाही. म्हणून "या वयात हे कशाला" वगैरे मी म्हणणार नाही. तुमची पेन्शन भक्कम आहे, घर स्वतःचं आहे, आणि हौस पत्त्यांच्या क्लबात जाण्यापेक्षा बरी आहे. आधी हिशोब करू, मग पत्रात तुम्ही शेवटी हळूच लिहिलेल्या जामिनाकडे वळू.

भाडं तुम्हाला दिसतं, कारण ते रोज खिशातून जातं. स्वतःच्या गाडीचं भाडं दिसत नाही, पण तेही चालूच असतं. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो घसारा धरतात, त्यात पाचव्या वर्षाअखेर निम्मी किंमत उडालेली असते. तोच ठोकताळा घेतला तर 30 लाखांची पिकअप 15 लाखांवर येते. डब्याचं आणखी अवघड. तो तुमच्या मापाने, तुमच्या गाडीवर केलेला. त्याला गिऱ्हाईक शोधावं लागेल. दोन लाख आले तरी मी नशीब म्हणेन. म्हणजे पाच वर्षांत 22 लाख, वर्षाला 4 लाख 40 हजार नुसते विरून जातात.

आता हेच पैसे पोस्टात ठेवले असते तर? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा 30 लाख, दर 8.2 टक्के. मासिक प्राप्ती योजनेत एकट्याच्या नावावर 9 लाख, दर 7.4 टक्के. गंमत पाहा, या दोन मर्यादांची बेरीज तुमच्या कोटेशनएवढीच होते. पहिल्यातून दर तिमाहीला 61,500 आणि दुसऱ्यातून दरमहा 5,550 रुपये, मिळून वर्षाला 3 लाख 12 हजार 600. पेन्शन धरूनही तुमचं उत्पन्न नव्या करप्रणालीत 12 लाखांच्या आत राहतं, त्यामुळे या व्याजावर कर पडत नाही.

विमा, सर्व्हिसिंग आणि टायरसाठी बाजूला टाकायचे पैसे मिळून वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. मी 1 लाख 20 हजार धरतो. डिझेल दोन्हीकडे लागणारच, म्हणून ते सोडतो. विरून जाणारी किंमत, बुडालेलं व्याज आणि हा खर्च मिळून वर्षाला झाले 8 लाख 73 हजार. गाडी दारात उभी राहिली तरी हे लागणारच.

याला 9 हजारांनी भागा. उत्तर येतं 97. वर्षातल्या 97 पेक्षा जास्त रात्री तुम्ही त्या डब्यात काढल्या, तर विकत घेणं स्वस्त. कमी काढल्या, तर भाडं स्वस्त. तुम्ही म्हणता तसे चार महिने, म्हणजे 120 रात्री भरल्या तर रात्र पडते साधारण 7,270 रुपयांना आणि तुमचं म्हणणं खरं ठरतं. 60 भरल्या तर तीच रात्र 14,500 रुपयांना. एवढ्यात चांगल्या हॉटेलात खोली मिळते, वर सकाळचा नाश्ता.

तेव्हा मुद्दा रात्रींचा आहे. तुमच्याच पत्रावरून मोजू या. सोलापूरचे एप्रिल-मे तुम्हाला मी सांगायला नको. पारा 43च्या वर गेला की पत्र्याचा डबा म्हणजे भट्टी. एसी लावू म्हणाल, तर लहान एसीही तासाला पाऊण ते एक युनिट ओढतो. रात्रभरासाठी पाच-सहा युनिटं लागणार. 12 व्होल्टच्या 200 अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत मावतात 2.4. छतावरचं 400 वॅटचं सोलर दिवसभर चांगलं ऊन मिळालं तर दीड-दोन युनिटं देतं, त्यातलीही काही फ्रिज आणि पंप खातात. म्हणजे बॅटरीवर एसी मध्यरात्रीपर्यंत. पुढे विजेची जोडणी असलेली जागा शोधा, नाहीतर खिडकी उघडा आणि डास मोजा.

उन्हाळ्यात हिमाचलला जाऊ, असं तुम्ही लिहिलंय. जरूर जा, पण जायला चार दिवस आणि यायला चार दिवस निव्वळ स्टिअरिंगवर जातील. पावसाळ्यात चिखलात डबा लावून राहण्याची हौस पहिल्या रात्रीपुरती टिकते. उरतात ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यात दिवाळीला लेक-जावई येणार. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा. नोकरीत कित्येकदा ड्युटीमुळे नंदीध्वजांची मिरवणूक चुकली, आता एकही वर्ष चुकवणार नाही, असं तुम्हीच लिहिलंय. हे सगळं वजा करून मला पहिल्या वर्षी 70 रात्री दिसतात, तिसऱ्या वर्षी 40. माझा अंदाज चुकू शकतो, म्हणूनच तो आधी स्वस्तात तपासून पाहा, हे पुढे सांगतो.

आता जामीन. तुम्ही ते ओझरतं लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँकेने आधी मुलाच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, अशी सक्ती तिच्यावर नाही. मुलावर माझा अविश्वास नाही. पण टॉवेलचा धंदा तुम्हाला माहीत आहे : सुताचा भाव वर, निर्यातीची ऑर्डर खाली, अशी सहा महिन्यांची एक खेप आली की चांगल्या चांगल्या कारखानदारांचे हप्ते पुढे-मागे होतात. कर्ज फिटेपर्यंत तुमचे 54 लाख पूर्ण तुमचे नाहीत. आणि 39 लाख गाडीत गेल्यावर हातात राहतात 15, जामीन 18चा. ती वेळ आलीच तर डबा विकून हप्ता भरावा लागेल, आणि घाईत विकलेल्या डब्याला काय मिळतं ते वर आलंच आहे.

शोरूमवाल्याने सुचवलेलं 15 लाखांचं कर्ज हा यावरचा उपाय नाही. 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी हप्ता बसतो 24 हजारांच्या पुढे, म्हणजे पेन्शनीतले जवळजवळ 40 टक्के. 68 व्या वर्षापर्यंत. नको.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. अनेक निवृत्त मंडळींना मी म्हणतो, "तुमच्यानंतर वहिनींचं काय?" तुमच्या बाबतीत ती चिंता त्या मानाने कमी आहे. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, महागाई वेगळी, आणि कम्युटेशनची कपात त्याला लागत नाही. तुमची स्वतःची विकलेली पेन्शनही 15 वर्षांनी पूर्ववत होते. म्हणजे महिन्याचा खर्च कायम भागेल. अडचण फक्त एकरकमी पैशाची आहे. तो एकदाच मिळाला, पुन्हा मिळणार नाही.

गाडीबद्दल दोन-तीन गोष्टी, पैशाइतक्याच कामाच्या. मालगाडीचा लोड ब्रेक पॉवर सर्टिफिकेट (ब्रेक नीट लागतात याचा दाखला) पाहिल्याशिवाय तुम्ही कधी हलवला नसेल. इथेही तेच करा. ब्रोशरमधल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. राहील तेवढंच तुम्हाला लादता येतं. शेजारी लिहा : डबा 450 किलो (कारागिराने सांगितलेला आकडा, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच), पाणी 100 लिटर म्हणजे 100 किलो, बॅटऱ्या आणि वायरिंग 60, तुम्ही दोघं 140, गॅस, भांडी, कपडे आणि शेंगाचटणीच्या बरण्या मिळून 90. झाले 840. दोन आकडे शेजारी ठेवून बघा, मग बोलू.

दुसरं, कारागीर म्हणतो की डबा काढता येतो, म्हणून तो "सामान", पासिंगचा प्रश्नच नाही. हे तोंडी आहे तोवर त्याला काडीची किंमत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसी बुकात नसलेल्या फेरबदलांना मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्धच्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 असं वेगळं मानक आहे. आरटीओकडून आणि विमा कंपनीकडून, दोघांकडून, लेखी उत्तर घेतल्याशिवाय एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. (आणि कधी ना कधी 10 लाखांवरची गाडी घेतलीच, तर तिच्यावर कापलेला 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) रिटर्नमध्ये वळता करून घ्या, बरेच जण विसरतात.)

तिसरं तुम्ही लिहिलं नाहीत, पण सोबत पाठवलेल्या डब्याच्या नकाशात दिसलं. झोपायची जागा कॅबिनच्या डोक्यावर आहे, शिडी चढून जायची. वहिनींचे गुडघे दुखतात असं तुम्हीच दुसऱ्या संदर्भात लिहिलंय. रात्री दोनदा उठायला लागलं की काय, हा प्रश्न कारागीर विचारणार नाही.

मग करायचं काय? 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. वेळ आलीच तर ते मुदतीआधी काढता येतात. वर्षानंतर दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का कापतात, एवढंच. 12 लाख बँकेत एफडीत, लहान लहान पावत्या करून. हे मुलाच्या जामिनासाठी आणि घरच्या अडीअडचणीसाठी. मुलाचं कर्ज उतरेल तसे हे मोकळे होत जातील. राहिले 12 लाख. फिरायचं ते यातून.

त्यातले 1 लाख 44 हजार या हिवाळ्यात खर्च करा. भाड्याच्या कॅराव्हॅनने आठ-आठ दिवसांच्या दोन सहली. एक विजापूर-बदामी-हंपी, घरापासून जवळ, काही बिनसलं तर एका दिवसात परत. दुसरी लांबची, आणि इथे तुमच्याकडे असलेली एक गोष्ट तुम्ही विसरलात : निवृत्तीनंतरचे रेल्वेचे पास. एर्नाकुलमपर्यंत पासावर जा आणि तिथे गाडी भाड्याने घ्या. केरळने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आपल्या राज्याचंही त्याच वर्षीचं. जाता-येता मिळून दोन हजार किलोमीटरहून जास्त स्टिअरिंग वाचेल, आणि एकदा तरी तुम्ही खिडकीशी बसून दुसऱ्याला गाडी हाकू द्याल.

प्रत्येक रात्री वहीत एक ओळ लिहा : झोप लागली का, पाणी पुरलं का, संडासची टाकी कोणी रिकामी केली. ही शेवटची ओळ विनोद नाही. बहुतेक हौस तिथेच संपते. सोळा रात्रींनंतरही हवंहवंसं वाटलं, तर तुमच्या एर्टिगाच्या मागच्या सीटा पाडून गादी टाका आणि एक वर्ष तशीच काढा. गादी म्हणजे फेरबदल नाही, तिला पासिंग लागत नाही. पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूरला तर भक्तनिवास आहेतच. त्या वर्षात 97 रात्री भरल्या तर मला पुन्हा लिहा. मुलाचं कर्जही तोवर उतरलेलं असेल आणि मी वेगळं उत्तर देईन. तेव्हाही नवी पिकअप नको, चार-पाच वर्षं वापरलेली, जिचा घसारा पहिल्या मालकाने सोसलाय.

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे : "आधी स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं होतं. साडेतीन लाख." त्या 12 लाखांतून ते पहिले द्या. सहलीचे पैसे सोडूनही सात लाख शिल्लक राहतात. सहल नोव्हेंबरात आहे, ओट्याचं काम दिवाळीआधी उरकतं का ते मिस्त्रीला आजच विचारा.