आधी कळवले की नंतर? : सेऊलला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. उत्तर कोरियाची अण्वस्त्रे वाढत असताना दक्षिण कोरिया आणि अमेरिका यांच्यातील ताण कमी होण्याऐवजी वाढतो कसा, हा तुझा प्रश्न मला मोलाचा वाटला, कारण समान शत्रू प्रबळ झाला की मित्र आपोआप जवळ येतात, असेच बहुतेक जण गृहीत धरतात. प्रत्यक्षात शत्रू जितका प्रबळ होतो तितके मित्राकडून हवे असलेले आश्वासन मोठे होत जाते आणि ते पाळण्याची किंमतही तितकीच वाढते. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्तर कोरियाने ह्वासाँग-१५ या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली, तेव्हा सेऊलमध्ये जुनीच शंका नव्याने बोलली जाऊ लागली: आमचे शहर वाचवण्यासाठी अमेरिका आपले शहर पणाला लावील का? १९६१ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी पॅरिसपायी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना हेच विचारले होते. या शंकेचे पूर्ण समाधान करील असे उत्तर कोणत्याही करारात लिहिता येत नाही; ते वर्षानुवर्षांच्या वागणुकीतूनच द्यावे लागते. म्हणून एक सवय आताच लावून घे. कोणताही प्रसंग अभ्यासताना निर्णय बरोबर होता की चूक हे ठरवण्याआधी, तो दुसऱ्या बाजूला केव्हा आणि कोणाकडून कळला, हे शोध.

सुरुवात १९५३ पासून कर, कारण ही मैत्री अविश्वासाच्या पोटी जन्मली आहे. कोरियन युद्धात शस्त्रसंधी नको असलेले दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी त्या जूनमध्ये सुमारे २७,००० युद्धकैदी अमेरिकनांना न कळवता परस्पर सोडून दिले आणि वाटाघाटी उधळण्याच्या बेताला आणल्या. त्यांना सत्तेवरून दूर करण्याची ‘एव्हररेडी’ नावाची योजना अमेरिकी लष्कराने तयार ठेवली होती. शेवटी ती न वापरता ऱ्हींना परस्पर संरक्षण करार देण्यात आला, जो त्या वर्षी १ ऑक्टोबरला झाला. पुढच्या वर्षी कोरियन सैन्याचे युद्धनियंत्रण संयुक्त राष्ट्रांच्या, म्हणजे व्यवहारात अमेरिकेच्या, सेनापतीकडे कायम राहिले. त्यात संरक्षणाइतकाच ऱ्हींना लगाम घालण्याचाही हेतू होता. (आपल्या मेजर जनरल शंकरराव थोरातांनाही ऱ्हींचा हट्ट अनुभवावा लागला. त्यांच्या हाताखालचे भारतीय दल परत जाण्यास तयार नसलेल्या युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी आले होते, पण त्याने दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू नये असा ऱ्हींचा आग्रह असल्याने जवानांना हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले.) सुरक्षेची हमी आणि लगाम एकाच दोरीचे आहेत, हे तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलताना विसरू नकोस.

पुढे पारडे उलटे फिरले. जानेवारी १९६८ मध्ये उत्तरेच्या कमांडोंनी सेऊलमधील अध्यक्षीय निवासावर हल्ल्याचा प्रयत्न केला आणि दोनच दिवसांनी उत्तरेने अमेरिकी जहाज ‘प्युब्लो’ पकडले. अमेरिका आपल्या खलाशांसाठी सीमेवरील पानमुनजोममध्ये उत्तरेशी थेट बोलू लागली आणि सेऊल बाहेर ताटकळत राहिले. त्यानंतर निक्सन सरकारने एक पूर्ण डिव्हिजन, म्हणजे सुमारे २०,००० सैनिक, मागे घेण्याचे ठरवले आणि १९७० मध्ये तसे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांना कळवले. मी ‘कळवले’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे, विचारले नाही. त्या वेळी पार्क यांचे हजारो सैनिक व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या बाजूने लढत होते. पार्क गुप्तपणे अण्वस्त्रांच्या मागे लागले, ते या धक्क्यानंतर. फ्रान्सकडून इंधन पुनर्प्रक्रियेचा कारखाना घेण्याचा त्यांचा व्यवहार अमेरिकेच्या दडपणाने १९७६ मध्ये बारगळला खरा, पण केवळ शेजाऱ्याच्या अण्वस्त्रांमुळे नव्हे, तर मित्राच्या अचानक निर्णयानेही एखादा देश त्या वाटेला लागू शकतो, हे त्यातून दिसते. १९९४ ची गोष्ट तर अधिक धडकी भरवणारी आहे. उत्तर कोरियाच्या योंगब्योन अणुकेंद्रावर हल्ला करण्याचा विचार वॉशिंग्टनमध्ये चालला होता, आणि त्याचा सूड जिच्यावर उगवला गेला असता ती राजधानी सेऊल सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर होती.

आता या उलट घडलेले एक उदाहरण देतो, कारण तुझ्या पिढीला मतभेद म्हणजे फूट असे वाटते. जून २००२ मध्ये यांगजूजवळ अमेरिकी चिलखती वाहनाखाली १४ वर्षांच्या दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये त्या वाहनावरचे दोघे सैनिक निर्दोष सुटले आणि सेऊलच्या रस्त्यांवर हजारो मेणबत्त्या पेटल्या. त्या लाटेत निवडून आलेले अध्यक्ष रो मू-ह्यून अमेरिकेशी उघडपणे वाद घालत. तरीही त्यांनीच २००४ मध्ये इराकमधील एर्बिलला सुमारे ३,००० सैनिक पाठवले, योंगसानचा अमेरिकी तळ प्योंगटेकला हलवण्याचा करार केला आणि मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी तडीस नेल्या. अमेरिकेने त्याच वर्षी १२,५०० सैनिक २००५ अखेरपर्यंत कमी करण्याचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा बोलणी होऊन ती मुदत २००८ पर्यंत वाढवण्यात आली, आणि अखेर कपात २८,५०० या आकड्याशी थांबली. १९७० च्या शेजारी हे प्रकरण ठेवून पाहा. कपात दोन्ही वेळा झाली, पण दुसऱ्या वेळी कोणी लपूनछपून अणुबाँबच्या मागे लागले नाही. माझ्या मते रो यांचा काळ या मैत्रीचा सर्वांत बोलघेवडा आणि म्हणूनच पुष्कळसा निरोगी काळ होता.

याउलट १२ जून २०१८ ला सिंगापूरमध्ये किम जोंग-उन यांना भेटल्यावर ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेतच संयुक्त लष्करी कवायती थांबवण्याचे जाहीर केले, आणि या शब्दांचा नेमका अर्थ शोधावा लागेल, असे दक्षिण कोरियाच्या संरक्षण मंत्रालयाला म्हणावे लागले. कवायती थांबवण्यात वावगे काही नव्हते. वाटाघाटींसाठी त्या पूर्वीही थांबवल्या गेल्या आहेत. जखम झाली ती बातमीतून कळल्याची. पुढे अमेरिकेने तळांच्या खर्चासाठी दक्षिण कोरियाकडे पाच अब्ज डॉलर मागितले तो वाद मी इथे फार वाढवत नाही. पैशाचे तंटे अखेर पैशाने मिटतात.

२०२२ च्या एका जनमत चाचणीत ७१ टक्के दक्षिण कोरियन नागरिकांनी स्वतःच्या अण्वस्त्रांना पाठिंबा दिला. त्यांनी ती बनवू नयेत असे माझे ठाम मत आहे, पण या लोकांना माथेफिरू समजून त्यांच्याशी बोलू नकोस. ते अण्वस्त्रांइतकेच निर्णयाच्या खोलीत एक खुर्ची मागत आहेत. एप्रिल २०२३ च्या वॉशिंग्टन जाहीरनाम्याने ती अर्धीमुर्धी दिली: आण्विक सल्लागार गट स्थापन झाला आणि दक्षिण कोरियाने अण्वस्त्रप्रसारबंदी कराराशी आपली बांधिलकी पुन्हा सांगितली. त्या गटाची पहिली बैठक सेऊलमध्ये भरली त्याच दिवशी अमेरिकी क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी बुसानच्या बंदरात होती. लोकांनी छायाचित्रे पाणबुडीची पाहिली, पण तू बैठकीची कार्यपद्धती अभ्यास. संकटाच्या वेळी फोन कोण कोणाला करणार, किती अवधी मिळणार आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा कोणाला, याची उत्तरे त्या कार्यपद्धतीतच असतात.

पोहोचल्यावर पहिले काम असे कर. दोन्ही देशांच्या संरक्षणमंत्र्यांची वार्षिक बैठक १९६८ पासून भरते आणि तिची संयुक्त निवेदने उपलब्ध आहेत. ‘आण्विक छत्र’ (आपल्या अण्वस्त्रांनी मित्राचेही रक्षण करण्याची हमी) हा शब्द त्यांत १९७८ मध्ये आला, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर दक्षिण कोरियातून पायदळ काढून घेण्याच्या तयारीत होते तेव्हा. ‘विस्तारित प्रतिरोधन’ (मित्रावर हल्ला होऊ नये म्हणून शत्रूला आपल्या बळाचा धाक दाखवणे) हा २००६ मध्ये आला, उत्तरेच्या पहिल्या अणुचाचणीनंतर काही दिवसांतच. ही दोन निवेदने त्यांच्या आदल्या वर्षींच्या निवेदनांशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाच. कोणता शब्द कोणी मागितला असेल आणि कोणी नाइलाजाने दिला असेल, याचा तुझा अंदाज मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
सर