हॅरी डीन स्टँटनच्या निमित्ताने

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘पॅरिस, टेक्सस’ हा चित्रपट पाहून आल्यावर त्याच रात्री लिहायला बसला असावास, असे अक्षरावरून दिसते. त्यातला अमेरिकन नट हॅरी डीन स्टँटन याला पहिली मोठी भूमिका वयाची ५७ वर्षे उलटल्यावर मिळाली, तर आपणही तोवर दोन-चार वाक्यांच्या भूमिका करत थांबायचे का, असे तू विचारतोस. आणि थांबायचेच असेल तर सकाळच्या रियाजात आता अर्थ काय उरला, असेही विचारतोस. भूमिका देणाऱ्या माणसाने तुला ‘आधी ठरव, गायक की नट’ असे सुनावले आणि तुझ्या गुरुजींनी तेच वेगळ्या रागात सांगितले. एरवी ज्यांचे एकमेकांशी कधी पटले नसते अशा दोन माणसांचे एकमत झाले, म्हणून तू घाबरला आहेस. तुझ्या पहिल्या प्रश्नात मला रस नाही, कारण कुणाला काय केव्हा मिळेल याचा हिशेब ना माझ्याकडे आहे ना त्या माणसाकडे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी एका वाक्यात देतो आणि या पत्रात पुन्हा पुन्हा देणार आहे : गाणे सोडू नकोस.

ज्या नटाला पाहून तू निराश झालास, त्याच्यापुढे हाच प्रश्न आला होता. स्टँटनचा जन्म १९२६ सालचा, केंटकी राज्यातल्या वेस्ट अर्व्हाइन या लहानशा गावातला. वडील तंबाखूची शेती करत आणि न्हाव्याचे कामही करत. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता. ओकिनावाच्या लढाईच्या वेळी तो एका जहाजावर स्वयंपाकी होता. परतल्यावर लेक्सिंग्टनला केंटकी विद्यापीठात पत्रकारिता आणि नभोवाणीचे शिक्षण घेताना त्याने ‘पिग्मॅलियन’ या नाटकात काम केले आणि तिथल्या नाट्यविभागाच्या प्राध्यापकांनी त्याला ‘शिक्षण सोड आणि नट हो’ असा सल्ला दिला. तो कॅलिफोर्नियाला पॅसाडिना प्लेहाउस या नाट्यसंस्थेत गेला. पण या सगळ्याच्या आधीपासून तो गात होता आणि पुढेही एका पुरुष गायकवृंदाबरोबर गावोगाव हिंडून गायला. गायक व्हायचे की नट, याचा निर्णय त्याने कसा केला ते तो अनेकदा सांगत असे : नट झालो तर हे सगळेच करता येईल, असे त्याला वाटले. लक्षात घे, ‘दोन्हीतले एक सोडतो’ असे त्याने म्हटले नाही. तुला भेडसावणारा पर्याय त्याने मुळात मानलाच नाही.

आता तू लगेच म्हणशील, की मग त्याला गाणारे नायक का मिळाले नाहीत? मिळाले नाहीत हे खरे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या वाट्याला आले ते पाश्चिमात्य घोडेस्वारपटांतले लुटारू, फरारी गुन्हेगार आणि ‘गनस्मोक’सारख्या दूरचित्रवाणी मालिकांतली एकेका भागापुरती माणसे. हॅरी स्टँटन नावाचा दुसरा एक नट असल्यामुळे त्याला कित्येक वर्षे ‘डीन स्टँटन’ या नावाने काम करावे लागले. स्वतःचे पुरते नावही श्रेयनामावलीत नाही, यापेक्षा लहान भूमिका ती कोणती? पुढे त्याने शंभराहून अधिक चित्रपट केले, पण ऑस्करचे साधे नामांकनही त्याला कधी मिळाले नाही. हे मी तुला धीर देण्यासाठी सांगत नाही. या धंद्यातले हे खरे मोजमाप आहे आणि ते ठाऊक असूनच तू यात उतरला आहेस, असे मी गृहीत धरतो.

या काळातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. जॅक निकल्सन तेव्हा त्याचा मित्र आणि काही काळ एकाच घरात राहणारा सोबती होता. १९६६च्या ‘राइड इन द व्हर्लविंड’ची पटकथा निकल्सनची होती आणि त्यात एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या टोळीप्रमुखाची भूमिका त्याने स्टँटनला देऊ केली. देताना त्याने सांगितले, की तू काहीही करू नकोस, कपड्यांना त्यांचे काम करू दे, तू स्वतः राहा. आपल्या अभिनयाची खरी सुरुवात तिथून झाली, असे स्टँटन मानत असे. काहीही न करता उभे राहणे हे आपल्याकडे नाट्यशिबिरांतून सहज शिकवल्यासारखे बोलले जाते. प्रत्यक्षात ते ज्याला जमते त्याच्या कानात काहीतरी चालू असावे लागते. तंबोरा लागलेला असतो म्हणूनच गवय्याला पहिल्या षड्जाआधी गप्प बसता येते. माझ्या मते स्टँटनच्या त्या ‘काहीही न करण्या’मागे त्याचे गाणे होते. हे कुणा समीक्षकाचे मत नाही, माझे आहे, आणि ते मला कुणाकडून तपासून घ्यायचे नाही.

‘कूल हँड ल्यूक’ (१९६७) पुन्हा पाहा. त्यात तो कैदी आहे, गिटार घेऊन भजने आणि लोकगीते गातो. पॉल न्यूमन नायक असल्याने कॅमेरा न्यूमनकडे बघतो. स्टँटन त्या तुरुंगाच्या हवेचा भाग होऊन गातो, ‘मला ऐका’ असे गात नाही. तू मात्र परवाच्या निवडचाचणीत कुणी न मागता यमनची बंदिश म्हणून दाखवलीस आणि ते तुझ्या पत्रात अभिमानाने लिहिलेस! वाचून मी कपाळावर हात मारला. गाणे सोडू नकोस याचा अर्थ गाणे मिरवत फीर असा होत नाही. ‘द रोझ’मध्ये (१९७९) त्याला गाणाऱ्या माणसाचीच भूमिका मिळाली. तो लोकप्रिय कंट्री गायक आहे आणि ‘यापुढे माझी गाणी म्हणू नकोस’ असे बेट मिडलरच्या पात्राला सांगून तिचा पाणउतारा करतो. तो प्रसंग लक्षात राहतो तो त्याच्या आवाजाच्या संथ, कोरड्या लयीमुळे. तो आवाज न चढवता बोलतो आणि म्हणूनच ती बाई कोसळते.

त्याच वर्षी आलेल्या ‘एलियन’ या भयपटातला त्याचा ब्रेट हा अवकाशयानावर यंत्रदुरुस्ती करणारा माणूस. सोबत्याने काहीही म्हटले की तो ‘राइट’ म्हणतो. सिगर्नी वीव्हरची रिप्ली त्याला त्यावरून टोकते, तरी त्याचे उत्तर ‘राइट’. भूमिकेत जवळजवळ एकच शब्द असेल तर सामान्य नट त्यात दर वेळी नवा भाव भरायला जातो. स्टँटन तो शब्द समेवर ठेवतो आणि बाजूला होतो. गंमत उरलेल्या मोकळ्या मात्रांतून येते. पुढे मांजर शोधत तो एकटा त्या मोठ्या दालनात जातो, वरून पाणी ठिबकत असते, तेव्हा टोपी काढून तो चेहऱ्यावर पाणी पडू देतो. तिथे भय दाखवण्याची घाई त्याने केली असती तर नंतरचे भय आपल्यापर्यंत पोचले नसते. आणि डेव्हिड लिंचच्या ‘द स्ट्रेट स्टोरी’त (१९९९) तर तो अगदी शेवटी येतो. आयोवाहून विस्कॉन्सिनला गवत कापायच्या यंत्रावर बसून आलेल्या म्हाताऱ्या भावाला, एवढ्या लांब याच्यावरून मला भेटायला आलास का, असे विचारतो. भाऊ ‘हो’ म्हणतो. मग दोघे ओसरीवर बसतात, बोलत नाहीत. अख्ख्या चित्रपटाचा भार त्या काही मिनिटांवर आहे. लहान भूमिका म्हणजे काय, हे मला पुन्हा विचारू नकोस.

‘स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श साहाय्यक भूमिकेत असेल तो चित्रपट अगदीच टाकाऊ असू शकत नाही,’ असा नियम समीक्षक रॉजर ईबर्टने गमतीने केला होता. गंमत असली तरी त्यात एका नटाच्या सातत्याला दिलेली दाद आहे.

आता तुझ्या ‘पॅरिस, टेक्सस’कडे येतो. नाटककार सॅम शेपर्डशी गप्पा मारताना स्टँटन बोलून गेला, की त्याच त्या भूमिकांचा कंटाळा आला आहे, काही सुंदर, संवेदनशील करायला मिळावे. शेपर्ड ही पटकथा लिहीत आहे आणि आपला विचार नायकासाठी करत आहे, याची त्याला कल्पना नव्हती. व्हिम वेंडर्सचा हा चित्रपट १९८४ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. तू या घटनेत उशीर पाहिलास. मला दिसते ते वेगळे आहे. स्टँटनचा नायक ट्रॅव्हिस सुरुवातीचा बराच वेळ बोलतच नाही. भावाने गाडीत बसवून आणले तरी बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा ‘पॅरिस’ एवढेच म्हणतो. शेवटी काचेपलीकडच्या बायकोला तो दूरध्वनीवरून त्यांचीच गोष्ट सांगतो, जणू दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी, आणि सांगता सांगता खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करतो. आता तो प्रसंग डोळे मिटून ऐक. कुठे श्वास घेतो, कुठे वाक्य मधेच सोडतो, कुठला शब्द हलकेच खाली आणतो, हे ऐक. विलंबित गाऊ शकणाऱ्या माणसाशिवाय इतका लांब संवाद एवढ्या शांतपणे कुणी पेलू शकत नाही. त्या चित्रपटाचे संगीत राय कूडरचे. त्यात ‘कान्सियोन मिक्स्टेका’ हे घरापासून दुरावलेल्या माणसाचे मेक्सिकन गाणे आहे आणि ते स्पॅनिशमध्ये स्वतः स्टँटनने गायले आहे. ज्या भूमिकेची त्याने इतकी वर्षे वाट पाहिली, तिच्यात त्याचे गाणे त्याच्याबरोबर आले. ते मधल्या वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून सोडले असते, तर ट्रॅव्हिसचे काम दुसऱ्याच कुणाकडे गेले असते.

तुझ्या पत्रातले अमेरिकन नट जे. के. सिमन्सचे उदाहरणही याच बाजूचे आहे, तू ते उलट्या बाजूला लावले आहेस. त्याने मोंटाना विद्यापीठातून संगीताची पदवी घेतली, ब्रॉडवेच्या संगीतिकांत कामे केली आणि ‘व्हिप्लॅश’मधल्या छळवादी संगीतशिक्षकासाठी त्याला ऑस्कर मिळाले तेव्हा तो साठीचा होता. या वेळी पुन्हा वयाकडे पाहू नकोस, कृपा कर. ताल चुकला की नाही हे त्या शिक्षकाला कळते, याबद्दल प्रेक्षकाच्या मनात क्षणभरही शंका येत नाही, इकडे पाहा.

माझ्याबद्दलही तू आडून विचारले आहेस, तेव्हा सांगून टाकतो. माझ्या उमेदीच्या काळात एका निर्मात्याने मला विनोदी नाटकात मुख्य भूमिका देऊ केली होती. अट अशी, की संध्याकाळच्या बैठकींत हार्मोनियमची साथ करणे बंद करायचे. मी नकार दिला. ते नाटक पुष्कळ चालले आणि ज्याला ती भूमिका मिळाली त्याची पुढे भरभराट झाली. माझे समवयस्क अजूनही याला हेकटपणा म्हणतात. मी पुढे मुनीम, डॉक्टर, वधूपिता हेच करत राहिलो. पण रंगमंचावर संवाद नसताना मी कधी हात कुठे ठेवू असा गोंधळलो नाही आणि समोरच्या नटाचे वाक्य घसरले तर ते सावरायला मला कधी उशीर झाला नाही. ते साथ करण्यातून आले, दुसरे कशातूनही नाही. हे मी स्वतःचे समर्थन करतो आहे असे तुला वाटेल. वाटू दे. आज तीच अट पुन्हा आली तरी मी तोच नकार देईन. खंत आहे ती वेगळी : त्या काळी नाटकवाल्यांत मी गाण्याबद्दल आणि गाणाऱ्यांत नाटकाबद्दल गप्प राहत असे, कारण दोन्हीकडे अर्धा समजले जाण्याची भीती वाटे, आणि तेव्हा मला स्टँटनसारख्या माणसाची गोष्ट सांगणारे कुणी भेटले नाही. तुझ्या पत्रातली ओळ न् ओळ मला जुनी वाटली ती त्यामुळे.

स्टँटन शेवटपर्यंत गात होता. लॉस एंजेलिसच्या लहान क्लबांतून तो स्वतःच्या वाद्यवृंदाबरोबर गिटार आणि माउथ ऑर्गन वाजवून गात असे. २०१२ साली त्याच्यावर निघालेल्या माहितीपटात तो प्रश्नांना तुटक उत्तरे देतो आणि गाताना मात्र मोकळा होतो. ‘लकी’ या चित्रपटातला नायक ही त्याची अखेरच्या काळातली भूमिका. त्या चित्रपटाचा दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच हाही मुळात चरित्रभूमिका करणारा नट. त्यात एका मुलाच्या वाढदिवसाला हा नव्वदीचा नास्तिक म्हातारा अचानक ‘वोल्वेर, वोल्वेर’ हे मेक्सिकन गाणे गाऊ लागतो. आवाज थकलेला आहे, सूर कापतो, आणि तरीही जमलेली माणसे गप्प होऊन ऐकतात. चित्रपट सर्वत्र प्रदर्शित होण्याच्या थोडे आधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी तो गेला.

तेव्हा गुरुजींकडे जा आणि रियाजाची वेळ पुन्हा मागून घे. ते रागावतील, ऐकून घे. त्या भूमिका देणाऱ्या माणसाला काही समजावत बसू नकोस, त्याला फक्त ठरलेल्या वेळी हजर राहणारा नट हवा असतो. कंपाउंडरच्या प्रवेशाची संहिता तू सोबत पाठवलीस ती वाचली. चार वाक्यांपैकी तिसऱ्यात तो ‘डॉक्टर, पेशंट गेला’ असे म्हणतो, पण दुसऱ्या वाक्यानंतर त्याने हातातली बाटली खाली ठेवली की ते सगळ्यांना कळलेलेच आहे. लेखकाला नम्रपणे विचार, ते वाक्य काढता येईल का. नाही म्हणाला तर म्हण, पण बाटली ठेवल्यावर एक पूर्ण श्वास जाऊ दे आणि खालच्या स्वरात म्हण. तालमीत कसे झाले ते कळव.

तुझा,
सर