आकडा वेगळा, क्रमांक वेगळा

वेब फॉर्ममध्ये अंक दिसले की लगेच इनपुटचा टाइप 'नंबर' ठेवू नका. आधी विचार करा, या आकड्यांची बेरीज कधी कोणी करेल का? वय, रक्कम, नग यांची करेल. मोबाइल नंबर, पिनकोड, खाते क्रमांक यांची कोणीच करणार नाही. ते मजकूर म्हणूनच घ्या आणि इनपुटमोड 'न्यूमेरिक' द्या, म्हणजे फोनवर अंकांचा कीबोर्ड येतो. खाते क्रमांक जावास्क्रिप्टमध्ये संख्या करून घेतलात तर सुरुवातीची शून्यं गळतात आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे शेवटचे अंकही बदलू शकतात. पैशांच्या व्यवहारात हे फार महागात पडतं.

रकमेची गोष्ट निराळी. आपल्याकडे लोक सव्वा लाख लिहिताना सवयीने स्वल्पविराम देतात, १,२५,००० असे. इंग्रजी अंकांत हे आलं तर पार्सफ्लोट, म्हणजे मजकुरातून संख्या काढणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन, पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि हाती फक्त १ उरतो, तोही कुठलीही एरर न येता! मराठी अंकांत आलं तर थेट 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नाही'. म्हणून आधी स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा, देवनागरी अंक इंग्रजीत बदला, मगच तपासा. रिकामी चौकट मात्र आधीच अडवा, कारण रिकामा मजकूर 'नंबर' फंक्शनला दिला की शून्य मिळतं.

ब्राउझरमधली तपासणी कोणीही चुकवू शकतं, त्यामुळे सर्व्हरवर तीच पुन्हा करा. आणि चूक सापडली म्हणून भरलेलं पुसू नका. 'अवैध इनपुट' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'पिनकोड ६ अंकी हवा, तुम्ही ५ अंक दिले आहेत' असं स्पष्ट सांगा.