कॅलेंडरवरचे गुरू नानक लिलावात आले, तर चित्र मूळ आहे हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा : चित्रकार सोभा सिंग यांच्या नावावर गुरू नानकांचं एक तैलचित्र लिलावाच्या यादीत आलंय. हेच चित्र तुम्ही लहानपणापासून दुकानांत आणि कॅलेंडरवर बघताय. मग त्यासाठी एवढे पैसे का मोजायचे, आणि ते मूळच आहे हे कशावरून?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे बुडतात ते तिथेच. मी जुनी तैलचित्रं दुरुस्त करतो. काही वर्षांपूर्वी नांदेडचं एक कुटुंब गुरू गोबिंदसिंगांचं चित्र घेऊन आलं होतं. आजोबांनी पंजाबातून आणलेलं, कोपऱ्यात सही, ब्रशचे फटकारे बोटाला जाणवत होते. मी फ्रेम काढली. फ्रेमच्या खाचेत दबलेल्या अर्ध्या इंचाच्या पट्टीवर हाताचा रंग पोचलाच नव्हता. तिथे भिंग धरलं तर निळे, गुलाबी, पिवळे ठिपके ओळीनं दिसले. छापील चित्र कॅनव्हासवर चिकटवून कलगी, दाढी आणि हातावरचा बाज तेवढा वरून रंगवलेला होता. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "साफ करून द्या, जागेवर लावायचंय." मी मन लावून साफ करून दिलं. घरासाठी त्या चित्राचं मोल तसूभरही कमी झालं नव्हतं. लिलावात मात्र त्याला मूळ चित्राचा भाव मिळाला नसता.

आता पहिला प्रश्न. गुरू नानकांचा काळ १४६९ ते १५३९. त्यांच्या हयातीत समोर बसवून काढलेलं एकही चित्र आपल्याकडे नाही. जनमसाखीच्या, म्हणजे त्यांच्या जीवनकथांच्या, सचित्र पोथ्या नंतरच्या. त्यांतली प्रसिद्ध बी-४० पोथी १७३३ची आहे. अर्धोन्मीलित डोळे, शुभ्र दाढी, आशीर्वादाला उचललेला हात हे जे रूप आज डोळे मिटले की समोर येतं, ते मुख्यतः सोभा सिंगांच्या ब्रशातून उतरलं, १९६९ साली, पाचशेव्या जयंतीच्या निमित्तानं. हा माणूस १९०१ साली गुरदासपूर जिल्ह्यातल्या श्री हरगोबिंदपूरला जन्मला, तरुणपणी फौजेत ड्राफ्ट्समन म्हणून बगदादला होता, आणि फाळणीनंतर कांगडा खोऱ्यातल्या अंद्रेटा गावात, धौलाधारच्या पायथ्याशी, राहिला. १९८६ साली तो गेला. अंद्रेट्याला त्याचं कलादालन आहे. बोली लावण्याआधी जमलं तर तिथे एकदा जाऊन त्याचं खरं काम डोळ्यांत भरून घ्या. चेहऱ्यावरचा उजेड तो कसा उतरवतो ते छापील प्रतीत कळत नाही.

आपल्या आज्यांच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती रविवर्म्याच्या छापखान्यातून, लोणावळ्याजवळच्या मळवलीहून, आल्या. पंजाबात तेच काम या चित्रांनी केलं. म्हणून मूळ चित्र माझ्या मते इतिहासाचा दस्तऐवज आहे, आणि त्यासाठी पैसे मोजणं मला पटतं. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर नको. अमृता शेरगिलच्या 'द स्टोरी टेलर'ला २०२३ साली ६१.८ कोटी मिळाले, तो आकडा ऐकून इथले हिशोब मांडू नका. तो बाजार वेगळा आहे. शिवाय १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत त्यांत शेरगिल आहे, सोभा सिंग नाहीत. शंभर वर्षांहून जुनी चित्रंही त्या कायद्यानं बाहेर नेता येत नाहीत, पण सोभा सिंगांची बहुतेक चित्रं तेवढी जुनी नाहीत, त्यामुळे परदेशातल्या लिलावातही ती दिसू शकतात.

कृपाल सिंगांचं नावही यादीत दिसलं तर थांबून बघा. शीख इतिहासातल्या लढाया आणि हौतात्म्यं त्यांनी रंगवली. त्यांची मोठी चित्रं अमृतसरच्या केंद्रीय शीख संग्रहालयात आणि पंजाबातल्या फिरोजशाह गावच्या युद्धस्मारकात आहेत, ती विकायला येणारी नव्हेत.

यादीतले शब्द नीट वाचा. नावाआधी 'आफ्टर' असेल तर ती दुसऱ्या कुणी केलेली नक्कल. 'अट्रिब्यूटेड टु' म्हणजे त्यांचं असावं असा अंदाज, खात्री नाही. सोभा सिंगांनी एकच विषय पुन्हा पुन्हा रंगवलाय, तेव्हा 'आणखी एक प्रत' हे ऐकून लगेच खोटंही ठरवू नका. हातोडा पडल्यावर बायर्स प्रीमियम (लिलाववाले खरेदीदाराकडून घेतात ते कमिशन) आणि कर वेगळे लागतात. चित्र तुमचं झालं तरी छापण्याचा हक्क तुमचा होत नाही, भारतात तो २०४६ संपेपर्यंत सुरक्षित आहे.

आणि एक मनापासून सांगतो. शिखांचे गुरू म्हणजे गुरू ग्रंथसाहिब, चित्राची पूजा त्यांच्यात नाही. तरीही या चेहऱ्यापुढे लोक मान झुकवतात. दारूच्या कपाटावर ते टांगू नका.

लिलाववाल्यांकडून तीन फोटो मागवा : फ्रेम काढून चारही कडांचा, मागच्या लाकडी चौकटीचा आणि तिरप्या उजेडात चेहऱ्याचा. सोबत ते आजवर कुणाकुणाकडे होतं त्याचे कागद. कडांचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर बोली लावू नका.