घरामागच्या छोट्या जागेत वर्षभर कोथिंबीर, टोमॅटो, मिरची घरचीच मिळेल असं नियोजन कसं करायचं?

पुण्यात घरामागे १० बाय १५ फूट जागा आहे आणि बारा महिने कोथिंबीर, टोमॅटो, मिरची विकत आणायची नाही, असं तुम्ही विचारलंय. टोमॅटो-मिरचीचं सांगते पुढे. पण तुम्ही पहिलं नाव कोथिंबिरीचं घेतलंत आणि तिच्यावरून आमच्या घरात सहा वर्षं भांडण चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

आम्ही सोलापूरचे. माझे सासरे, अण्णा, मंगळवेढ्याकडचे, अख्खी हयात शाळूच्या रानात गेली. त्यांचं कॅलेंडर नक्षत्रांचं. मृग लागला की वेलाच्या बिया टोकायच्या, हस्ताचा पाऊस झाला की धणे, मेथी, शेपू टाकायचं, दिवाळीला जुड्या. मधे काही विचारलं की एकच उत्तर, "त्याला दिवस असत्यात." सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बाजारात कोथिंबिरीची एवढीशी जुडी, तीही निम्मी पिवळी, भाव मात्र कडक, म्हणून मी म्हटलं घरीच लावते. अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "चैत्रात धणे भाजत्यात, पेरत नाहीत."

झालं. मग पेरायलाच पाहिजे होते.

पहिल्यांदा नुसते रगडून टाकले, वरून माती, सकाळ-संध्याकाळ पाणी. वीस दिवस काही नाही. (धणे रगडून दोन फाका करायच्या हे तुम्हाला माहीत असेलच. लाटण्याने हलक्या हाताने, पीठ नाही करायचं.) आमच्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, एप्रिलमध्येही वाफ्यातल्या मातीत दुपारी हात ठेववत नाही, त्यात काय उगवणार. दुसऱ्यांदा धणे रात्रभर भिजवले, पेरून वर ओलं गोणपाट टाकलं, आणि ही युक्ती खरंच चालते, नवव्या दिवशी कोंब आले. पण त्याच आठवड्यात माझ्या माहेरी लग्न होतं, दोन दिवस गेले, नवऱ्याला सांगून गेले होते की कोंब दिसले की गोणपाट काढा, त्यांनी पाणी मारलं, गोणपाट तसंच. मी येऊन उचललं तर पांढरे पिवळे कोंब गोणपाटाच्या विणीतून वर आलेले, गोणपाटाबरोबर सगळे मुळासकट उपटून आले. अण्णा खुर्चीवरून बघत होते. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तिसऱ्यांदा मात्र डोकं चालवलं. कढीपत्त्याच्या पूर्वेला, जिथे फक्त सकाळी दहापर्यंत ऊन येतं तिथे वाफा केला, वर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधली, माती भुसभुशीत करून चांगलं कुजलेलं शेणखत घातलं, आणि कोंब दिसल्याच्या संध्याकाळी गोणपाट स्वतःच्या हाताने काढलं. आली की ओ कोथिंबीर! बोटभर, मग वीतभर. त्या दिवशी पोह्यांवर घातली तर अण्णांनी ती वेचून ताटाच्या कडेला काढून ठेवली. वास नाही म्हणाले. वास होता. थोडा कमी होता, मान्य.

पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी मधला दांडा सरसरून वर गेला आणि वरची पानं बारीक, दोऱ्यासारखी व्हायला लागली. अण्णा काठी टेकत आले, वाकून बघितलं, म्हणाले, "शेपू लावलाईस काय गं?" पुढच्या आठवड्यात पांढरी फुलं. उन्हाने कोथिंबीर लवकर फुलावर येते हे मलाही कळतं, पण त्याआधी आम्ही चांगले दहा-बारा दिवस खाल्ली ना? तेव्हापासून घरात पाहुणे आले की त्यांच्यासमोर विषय निघतोच. त्यांचं म्हणणं, उन्हाळ्यात आली ती कोथिंबीर नव्हे. माझं म्हणणं, आली. तुम्हीच सांगा.

आता तुमचं. पुण्यात आमच्यापेक्षा ऊन कमी, त्यामुळे तुम्हाला उन्हाळ्यात कोथिंबीर नक्की येईल, फक्त एकदम सगळी पेरू नका, दर दहा दिवसांनी हातभर जागेत थोडी थोडी पेरा आणि फुलावर यायच्या आत उपटून खा. हिवाळ्यात तर काही अक्कल लागत नाही.

टोमॅटो बारा महिने हे डोक्यातून काढून टाका. जे लोक सांगतात ना की अमुक खत टाका, वर्षभर टोमॅटो, त्यांनी मे महिन्यात स्वतःच्या बागेतला टोमॅटो दाखवावा. पारा पस्तिशीच्या वर राहिला की फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही. आणि भर पावसात करपा येतो, खालच्या पानापासून काळे डाग चढत जातात. ऑगस्टच्या शेवटी रोपं करा, पाऊस ओसरताना लावा, काठीला बांधा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पोटभर खा. उरलेले महिने बाजारातून आणा, त्यात कमीपणा नाही.

मिरचीची चार झाडं पुरतात, नीट राहिली तर वर्ष-दीड वर्षही देतात. पानं आकसून वळली म्हणजे बोकड्या आला, तेव्हा फवारण्या करत बसू नका, ते झाड उपटा. हे माझं मत आहे, नवऱ्याचं वेगळं आहे, त्यांनी एक तसलं झाड आठ महिने जपलं आणि अकरा मिरच्या मिळाल्या, मोजल्यात मी.

पावसाळ्यात दुधी, दोडका, भेंडी लावा. भेंडीत मी परभणी क्रांती हे वाण लावते, हळद्या (पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो रोग) त्यावर कमी पडतो. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, फळ धरत नसेल तर तेव्हाच नर फूल तोडून मादी फुलाला लावा, मादीच्या मागे इवलासा दुधी असतो, ओळखू येतो. आणि उन्हाळ्यात माठ, चवळी लावा. घोळ तर पाणी पडेल तिथे आपोआप उगवते, लोक तण म्हणून उपटून टाकतात आणि मग भाजी नाही म्हणून रडतात.

एक चूक माझी सांगते. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून फिल्टरचं वाया जाणारं पाणी मी वर्षभर कुंड्यांना घातलं. मातीवर पांढरी खपली धरली, पुदिन्याच्या पानांच्या कडा जळाल्या. त्या पाण्यात क्षार जास्त असतात. फरशी पुसा त्याने.

आणि हो, आमची माती काळी, चिकट, पुण्यातली तुमची कशी आहे बघा, कोकणातलं तर मला काहीच विचारू नका. पावसात पाणी साठत असेल तर वाफे उंच करा, हे आधी सांगायला हवं होतं.

तर येत्या एप्रिलमध्ये कोथिंबीर पेराच, वर लिहिलंय तसं, गोणपाट वेळेवर काढा. आणि आली की इथेच खाली फोटो टाका, अण्णांना दाखवायचाय. फक्त दांडा वर जायच्या आत काढा, नाहीतर परत शेपू म्हणतील.