रिकॉल निघालेली सेकंडहँड गाडी घ्यावी का?

या महिन्यात तीन पत्रं जवळजवळ एकाच विषयावर आलीत, जुनी लक्झरी एसयूव्ही. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण तिथे ब्रेकचा मामला आहे.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोन मुलं आहेत आणि उन्हाळ्यात आईबाबा किंवा सासूसासरे येतात, म्हणून सात सीटची गाडी हवीये. २०१० ची मर्सिडीज जीएल ४५० बघितली, एकदम चकाचक आहे आणि किंमतही आवाक्यात. डीलर म्हणतो ब्रेकचा रिकॉल होता पण काम झालंय. मिस्टर म्हणतात रिकॉलवाली गाडी नकोच. काय करावं?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: रिकॉल म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. तो निघाला म्हणून गाडी टाकाऊ होत नाही, पण रिकॉल निघूनही काम न झालेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि हा रिकॉल किरकोळ नव्हता हो. मे २०२२ मध्ये अमेरिकेत मर्सिडीजच्या एमएल, जीएल आणि आर क्लासच्या २००६ ते २०१२ मॉडेलच्या जवळपास २ लाख ९२ हजार गाड्यांसाठी तो निघाला आणि कंपनीने मालकांना चक्क सांगितलं की तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका, आम्ही टो करून फुकट नेतो. पुढच्याच महिन्यात जगभरचा आकडा जवळपास १० लाख गाड्यांवर गेला. 'चालवू नका' असं कुठलीही कंपनी सहजासहजी म्हणत नाही, तेव्हा यावरूनच काय ते समजा.

भानगड ब्रेक बूस्टरची आहे. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या भिंतीला लागून एक मोठा गोल काळा डबा दिसतो, तोच बूस्टर. इंजिनच्या व्हॅक्यूमवर तो तुमच्या पायाचा जोर वाढवून देतो, म्हणून एवढी जड गाडी हलक्या पायाने थांबते. या गाड्यांमध्ये त्या डब्याभोवती रबराचा एक पट्टा होता, त्याच्याखाली पाणी मुरायचं, सुकायचं नाही आणि वर्षानुवर्षं आतला पत्रा गंजत जायचा. गंजून भोक पडलं की व्हॅक्यूम गळतो, पेडल दगडासारखं घट्ट होतं, गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, आणि गंज फारच झाला असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर पायाखाली ब्रेकच नाही. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथली जुनी गाडी बघताना गंजाची शंका मी तरी जास्तच घेईन.

आता डीलरचं 'काम झालंय'. इथेच लोक फसतात. पहिल्या फेरीत वर्कशॉपवाले तो रबरी पट्टा काढून आतला पत्रा बघायचे, गंज वाढलेला नसेल तर पट्ट्याशिवाय गाडी परत द्यायचे आणि वाढलेला असेल तर ब्रेकची आणखी एक चाचणी करायचे, त्यात पास झालेली गाडी दोन वर्षांच्या आत दुरुस्तीला पुन्हा आणायला सांगून सोडायचे आणि नापास झालेली दुरुस्त केल्याशिवाय चालवू द्यायचे नाहीत. म्हणजे २०२२ साली नुसती तपासणी करून सोडलेल्या गाडीच्या बाबतीतही डीलर 'झालंय' म्हणू शकतो. त्यामुळे तोंडी ऐकू नका, वर्कशॉपचा कागद मागा, त्यावर तारीख बघा आणि बूस्टर बदलला की फक्त तपासला ते वाचा. पुन्हा आणायला सांगितलेलं असेल आणि दुसऱ्यांदा गाडी नेल्याचा कागद नसेल तर सौदा तिथेच थांबवा.

कागद दाखवतील न दाखवतील, तुम्ही स्वतः तपासा. समोरच्या काचेखाली ड्रायव्हरच्या कोपऱ्यात १७ अक्षरांचा व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख नंबर असतो, तो लिहून घ्या. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, तेव्हा गोल दिसलं तर शून्यच लिहा. हा नंबर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या म्हणजे एनएचटीएसएच्या साइटवर टाकला की त्या गाडीचे न झालेले रिकॉल दिसतात. ब्रेकसोबत एअरबॅगही बघा, कारण ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा मोठा रिकॉल या घराण्यातल्या गाड्यांनाही लागला होता. त्या एअरबॅगमधलं रसायन उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे अंगावर उडतात, अमेरिकेत त्यात २५ हून जास्त माणसं गेलीत.

खर्चाची चिंता करू नका. अमेरिकेत सेफ्टी रिकॉलचं काम फुकट असतं, मालक तिसरा असो की पाचवा, आणि १५ वर्षांची जी मर्यादा आहे ती गाडी पहिल्यांदा विकली गेली तिथपासून रिकॉलची नोटीस निघेपर्यंतच मोजतात. तुमची गाडी २०१० ची, नोटीस २०२२ ची, म्हणजे आत बसली. एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. नवी गाडी रिकॉल पेंडिंग असताना विकता येत नाही, भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही तशी गाडी देता येत नाही, पण जुन्या गाडीच्या डीलरला रोखणारा केंद्रीय कायदा नाही. पोराबाळांना घेऊन फिरणारी माणसं जुनीच गाडी जास्त घेतात आणि कायद्यातली फट नेमकी त्यांच्याच वाट्याला, हे चुकीचं आहे.

टेस्ट ड्राइव्हच्या आधी एवढं करा, इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल, मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं किंवा दाबताना सूं सूं असा हवेचा आवाज आला तर गाडी जागची हलवू नका. गेलं तरी कागदाची मागणी सोडायची नाही, आतला गंज या चाचणीत कळत नाही.

प्रश्न: पुण्यात नऊ वर्षं जुनी जर्मन एसयूव्ही घेतोय, मी तिसरा मालक. रिकॉलचा कायदा सात वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना आहे असं ऐकलं. मग मला काहीच मिळणार नाही का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: सात वर्षांचं बरोबर आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. आपल्याकडे २०१२ पासून कंपन्या स्वतःहून रिकॉल काढत होत्या. मग २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला रिकॉलचा आदेश देता येतो, १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंडही आहे. सात वर्षांची अट तिथली. तुमच्या गाडीवर आधीच्या मालकाच्या काळात कंपनीने स्वतः रिकॉल काढला असेल आणि तो माणूस गेलाच नसेल तर ते काम अजून बाकी असू शकतं, ते विचारायला वयाची अट नाही. आरसीवरचा चॅसिस नंबर घ्या, अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन न करता ईमेल करा आणि या नंबरवर रिकॉलचं कुठलं कॅम्पेन बाकी आहे का ते लेखी विचारा. रिकॉलचं पत्र कदाचित पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलं असेल, तिसऱ्यापर्यंत ते येत नाही. टोकन देण्याआधी विचारा, नंतर नाही. सौदा झाला की तुमचा नवा नंबर आणि पत्ता कंपनीकडे नोंदवून घ्या.

प्रश्न: माझ्या जुन्या लक्झरी एसयूव्हीचं एअर सस्पेन्शन रात्रभरात एका बाजूने बसतं. अशी तक्रार बऱ्याच मालकांची आहे, तरी सर्व्हिस सेंटर म्हणतं रिकॉल नाही, पैसे भरा. हा अन्याय नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: चीड येणारच, पण तक्रारी खूप आहेत म्हणून रिकॉल होत नाही, जिवाला धोका आहे का हे बघितलं जातं. उभी गाडी बसणं, म्हणजे स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या फुग्यांतून हवा गळणं, हे बहुतेक वेळा झिजीत धरतात. तुमची गाडी चालताना एका बाजूला झुकत असेल किंवा वळणावर ताबा जात असेल तर मात्र ते वेगळं, आणि ते तारीख, किलोमीटर आणि फोटोसकट लेखी कळवा, कंपनीलाही आणि गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर सरकारच्या वाहन पोर्टलवरही. नुसतं 'गाडी खराब आहे' लिहिलं तर कोणी दखल घेत नाही. डीलरने विकताना हा दोष माहीत असून लपवला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला, आणि ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते ती हातची घालवू नका.

तोवर गॅरेजमध्ये साबणाच्या पाण्याचा फवारा हवेच्या फुग्यावर आणि पाइपच्या जोडांवर मारायला सांगा. बुडबुडे येतील तिथे गळती. ती लवकर काढा, कारण गळती भरून काढायला फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि मग तोही जळतो, म्हणजे एका फुग्याचं बिल दोन पार्टवर जातं.