प्रार्थनेला बसलं की अभद्र विचार येतात. ते माझे, की सैतानाचे?

प्रश्न : मी दोन मुलांची आई आहे, संडे स्कूलमध्ये शिकवते. चार महिन्यांपासून प्रार्थनेला गुडघे टेकले की ख्रिस्ताबद्दल इतके अभद्र शब्द मनात येतात की लिहायचीही लाज वाटते. ते पुसून टाकायला मी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हणते, कधी सात-आठ वेळा. उपाय म्हणून रात्री दोनपर्यंत जागून प्रार्थना आणि आठवड्याला तीन उपवास सुरू केले. ही प्रेरणा देवानेच दिली असं वाटलं. पण दिवसभर मुलांवर खेकसते. आता मनात सारखं येतं, ‘तू ढोंगी आहेस, शिकवणं सोड.’ हा देवाचा आवाज असेल तर? क्षमा नसलेलं पाप माझ्या हातून घडलं का? हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, ते पाप तुमच्या हातून घडलेलं नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडा. पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच क्षमा नाही, या 29व्या वचनावर थांबू नका, 30वंही वाचा. येशू असं का बोलला ते तिथेच दिलंय. त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे, असं शास्त्री म्हणत होते. डोळ्यांदेखत माणसं बरी होत असताना पवित्र आत्म्याच्या कामाला जाणूनबुजून सैतानाचं काम ठरवायचं आणि त्यावरच अडून बसायचं, असा तो प्रकार आहे. तिथे क्षमा नकोच असते. क्षमा मिळेल का म्हणून तळमळणारं माणूस त्या जागी उभं नसतं.

आता बाकीचं. तुमच्या पत्रात तीन निरनिराळे विचार एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत : अभद्र शब्द, जागरण-उपवासांची ओढ आणि ‘ढोंगी’ म्हणणारा आवाज. तिघांना एकच औषध चालत नाही, आणि तुम्ही तिघांशीही एकाच पद्धतीने, जास्त जोर लावून, लढताय.

विचार तीन ठिकाणांहून येतो असं जुने ख्रिस्ती संन्यासी सांगत : देवाकडून, सैतानाकडून किंवा आपल्याच मनातून. पण दारात उभ्या असलेल्या प्रत्येक विचाराचं गाव शोधत बसायची गरज नाही, बहुतेक वेळा ते कळतही नाही. तो आपल्याला कुठे घेऊन जातो हे मात्र कळतं. सातव्या शतकात सिनाई पर्वतावरच्या मठाचे प्रमुख योहान यांनी मोहाच्या पायऱ्या बारकाईने वेगळ्या केल्या होत्या. साध्या उदाहरणाने सांगते. समजा, नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी यंदा दुसऱ्या बाईंना दिली. संध्याकाळी भांडी घासताना मनात येतं, ‘मुद्दाम डावललं मला.’ ही नुसती चाहूल, यात दोष शून्य. मग तुम्ही त्या विचाराशी बोलू लागता : गेल्या वर्षीही असंच झालं होतं, ती तेव्हा कशी हसली होती. नळ चालू, ताट हातात तसंच, आणि मनात भांडण रंगलेलं. त्यानंतर एक क्षण येतो तेव्हा आपण आतून म्हणतो, ‘बघतेच आता तिला.’ हा होकार. दोष इथे लागतो. पुढे विचार आपल्याला ओढून नेतो, आणि रोज तसं होऊ दिलं की त्याची खोड जडते. याकोबाच्या पत्रातही पहिल्या अध्यायात (14-15) हाच क्रम आहे : वासना ओढते, गर्भ धरते, मग पापाला जन्म देते.

तुमचे अभद्र शब्द पहिल्या पायरीच्या पुढे कधी गेलेच नाहीत. तुम्ही त्यांना होकार दिलेला नाही, उलट घाबरलात. नेहमीच्या मोहाला एका वाक्यात उत्तर देऊन मोकळं व्हावं. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं एकेक वचन म्हटलं आणि विषय संपवला. एदेनात सापाने विचारलं तेव्हा हव्वा त्याच्याशी बोलत बसली, आणि देवाने फक्त ‘खाऊ नका’ म्हटलं असताना ‘स्पर्शही करू नका’ हे पदरचं जोडलं. वाद घालताना आपण असे वाहवत जातो. पण तुमच्यासारख्या नकोशा, घुसखोर शब्दांना ते एका वाक्याचं उत्तरसुद्धा देऊ नका. शब्द आला की प्रार्थना जिथे होती तिथून, त्याच ओळीवरून पुढे न्यायची. मागे जायचं नाही, ‘क्षमा कर’ म्हणून पुसायचं नाही, शब्द गेला का हे तपासायचं नाही. पहिल्यापासून म्हटलं की मनाला पक्कं होतं की तो शब्द खरंच धोक्याचा आहे. मग मन त्यावर पहारा ठेवतं, आणि पहारा ठेवल्यामुळेच तो परत परत दिसतो. डोळे उघडे ठेवून, मोठ्याने, दहाच मिनिटं प्रार्थना करा. सुरुवातीला जीव जास्त घाबराघुबरा होईल. ते अपेक्षित आहे, तेव्हाच पुन्हा म्हणायचा मोह आवरायचा.

आणि हे स्पष्ट सांगायला हवं. हे विचार आणि ते पुसण्याची धडपड यांत रोज तासाभराहून जास्त वेळ जात असेल, किंवा घरचं काम अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ओसीडी या आजारात नेमकं असं होतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तिथे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. तुम्ही कानाने नाही, मनात ऐकता. ज्यांना खरोखर आवाज ऐकू येतात आणि ते स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतात, त्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता जागरण आणि उपवास. हा विचार सर्वांत फसवा, कारण तो चांगल्या कपड्यांत आलाय. पौलाने करिंथकरांना लिहिलंच आहे की सैतान तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो (2 करिंथ 11:14). पुढे संत झालेले स्पॅनिश सरदार, लोयोलाचे इग्नेशियस, 1521 साली पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळले होते. कधी सरदारकी गाजवून एका थोर स्त्रीचं मन जिंकायची स्वप्नं बघत, कधी संतांसारखं जगायची. त्या त्या वेळी दोन्ही गोड वाटत. मात्र पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडे, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. पुढे मनातल्या प्रेरणा पारखण्याचे त्यांनी जे नियम लिहिले, त्यांचं मूळ या निरीक्षणात आहे. म्हणून एखाद्या प्रेरणेची सुरुवात, मध्य आणि शेवट असं तिन्ही तपासायचं. तुमच्या प्रेरणेची सुरुवात प्रार्थनेने झाली, मध्ये झोप गेली, शेवटी मुलं भेदरली. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांमध्ये सहनशीलता आणि सौम्यता आहे, आणि तुमच्या घरातून नेमकं तेच नाहीसं झालंय. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर (1 राजे 19). तेव्हा रात्रीचं जागरण आजपासून बंद, निदान सात तास झोप. उपवासही थांबवा आणि पुढे करायचेच असतील तर मार्गदर्शकाला विचारून. त्यांनी नाही म्हटलं आणि तुम्हाला राग आला, तर त्या रागाचीच नोंद घ्या.

‘ढोंगी आहेस’ हा आवाज देवाचा आहे का? देव दोष दाखवतो तेव्हा नेमकं बोट ठेवतो. ‘आज सकाळी धाकट्याला विनाकारण ओरडलीस’ असं असेल तर त्याची माफी मागता येते, दार उघडं असतं. ‘तू आहेसच तशी’ यावर काय करणार? त्यात परतीची वाटच नाही. एकाच रात्री येशूला त्याच्या दोन शिष्यांपैकी पेत्राने नाकारलं, यहूदाने धरून दिलं. दोघेही पस्तावले. एक रडून परत येशूकडे आला, दुसऱ्याला आपल्यासाठी वाट उरलेलीच दिसली नाही. म्हणून शिकवणं सोडू नका. मन कोरडं आणि अंधारलेलं असताना, चांगल्या काळात घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियसांचा ठाम नियम. मन निवळल्यावरही सोडावंसं वाटलं तर तेव्हा बघू. तोवर ठरलेल्या वेळेआधी प्रार्थनेतून उठू नका. दहा मिनिटं ठरली असतील तर अकराव्या मिनिटाला उठा, पण पंचेचाळिसाव्या नव्हे.

दोन आठवडे रोज संध्याकाळी दहा मिनिटं वही घेऊन बसा. आधी दिवसातल्या दोन गोष्टींबद्दल देवाचे आभार माना. मग दिवसभरातला फक्त एक विचार निवडून चार गोष्टी एकेका ओळीत लिहा : किती वाजता आला, त्याआधी काय झालं होतं (भूक, भांडण, अपुरी झोप), तुम्ही काय केलं, तासाभराने मन कसं होतं. अभद्र शब्द वहीत उतरवू नका, नुसतं ‘तो शब्द’ म्हणा. बहुतेकांची वही इथे बिघडते : ती पापांची यादी होते, किंवा त्यातच रवंथ सुरू होतो. दहा मिनिटं झाली की वही मिटायची, वाक्य अर्धं असलं तरी.

आणि कोणाला तरी सांगा. अशा विचारांचं निम्मं बळ लपवण्यात असतं. एकच व्यक्ती निवडा, धर्मगुरू, पाळक किंवा अनुभवी भगिनी, आणि त्यांनी एकदा ‘हे पाप नाही’ म्हटलं की तेच पुन्हा पुन्हा दहा जणांना विचारू नका. सिनाईच्या त्याच योहानांनी एका संन्याशाची हकीगत लिहून ठेवलीय. वीस वर्षं त्याला तुमच्यासारखेच विचार छळत होते. त्याने उपवास केले, जागरणं केली, फरक पडला नाही. शेवटी त्याने ते कागदावर लिहून एका वृद्ध साधूच्या हाती दिले आणि जमिनीत तोंड खुपसून पडून राहिला. साधूने वाचलं, हसून त्याला उठवलं, त्याचा हात आपल्या मानेवर ठेवायला लावला आणि म्हणाला, हे पाप माझ्या मानेवर, तू यापुढे त्याकडे लक्षच देऊ नकोस. तो त्या खोलीतून बाहेर पडण्याआधीच मोकळा झाला.

तुम्हालाही तोंडाने बोलवणार नाही, म्हणून सुरुवातीचं वाक्य लिहून देते : ‘प्रार्थनेच्या वेळी मनात देवाविषयी अभद्र शब्द येतात, मला ते नको आहेत, मी चार महिने एकटीच हे सोसतेय.’ एवढं कागदावर उतरवा आणि येत्या रविवारी उपासना संपली की त्यांच्या हातात द्या.